बाजूची सीट रिकामी आहे

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळसट समजणार नाही. समुद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसातली सरकी काढणारं एक जिनिंग आहे, तिथल्या वजनकाट्यावर मी बसते. कापसाच्या गाड्या काट्यावर चढतात, मी खिडकीतून आकडा बघते आणि पावती फाडते. ड्रायव्हर म्हणतो जास्त भरायला पाहिजे, व्यापारी म्हणतो कमी भरायला पाहिजे, आणि मी म्हणते काटा सांगतो तेवढंच आहे. इतकी वर्षं हेच करून माझा स्वभावही तसाच झालाय. भूत, करणी, बाहेरची बाधा, अंगात येणं... आमच्याकडे या गोष्टी चहाबरोबर निघतात, पण मी कधी त्यातल्या एकीलाही ‘हं’ म्हटलेलं नाही. आजही म्हणत नाही. तरी लिहायला बसले, कारण जे झालं ते कुणा मावशीच्या जावेला झालं नव्हतं, माझ्या स्वतःच्या बुडाखाली झालं होतं.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक जुनी गाडी घेतली. सकाळी वर्ध्याहून निघायचं, आमच्या यांनी मला जिनिंगवर सोडायचं आणि तसंच पुढे आपल्या कामावर जायचं — असा बेत. गाडी जुनी, पण वरच्या मॉडेलची. बाजूच्या सीटच्या फोममध्ये चटईसारखा एक पातळ सेन्सर आहे. सीटवर कुणी बसलं की त्याला कळतं. कुणी नसेल तर त्या बाजूची एअरबॅग बंद राहते आणि समोर पिवळा दिवा लागतो, की बाजूची सीट रिकामी आहे, बॅग बंद आहे. माणूस बसला की दिवा विझतो. एवढं साधं काम.

मी बसले, आणि दिवा तसाच.

हे म्हणाले, "जरा सरकून बस." सरकले. पाठ टेकवून बसले, पुढे होऊन बसले, एकदा तर उठून धपकन बसले. दिवा ढिम्म. यांना हसू आवरेना. "कुंदा, तू बारीक झाली वाट्टे." माझं वजन मी इथं लिहिणार नाही, पण ‘बारीक’ या शब्दाशी माझा कधी संबंध आलेला नाही.

तुम्ही म्हणाल, दिवाच तर आहे, असू द्या. पण मी ज्या ट्रकांचं वजन करते तेच ट्रक त्या रस्त्यावर समोरून येतात. भरलेला ट्रक किती टनांचा असतो हे बाकीच्यांना अंदाजानं माहीत असतं, मला पाठ आहे. आणि अशा ट्रकच्या समोर, ‘इथं कुणीच बसलेलं नाही’ असं समजणाऱ्या बंद एअरबॅगपुढे मी रोज जाऊन-येऊन बसायचं? हे म्हणाले, मागं बस. मागं बसले की मला पहिल्याच वळणाला मळमळतं. शिवाय... खरं सांगायचं तर मला रागच आला. चांगली धडधाकट बाई बसलीय आणि गाडी म्हणते सीट रिकामी! मी ठरवलं, ही गाडी मला मोजेल तेव्हाच गप्प बसेन.

पवनारच्या रस्त्यावर फिरोजभाईचं गॅरेज आहे. गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम तो करतो, हात चांगला आहे, तोंड त्याहून चालतं. त्यानं सीटखालचा कनेक्टर काढला, साफ केला, परत लावला. मग स्वतः बसला. दिवा विझला. हे बसले, विझला. मी बसले... पिवळा.

"भाभी, सेन्सर बरोबर हाय," फिरोजभाई म्हणाला. "तुम्हीच खराब हाय वाट्टे."

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं लगेच उपाय सांगितला. "टेन्शन नोका घेऊ. वायरीत एक बारका रेझिस्टर टाकून देतो. गाडीच्या कंप्युटरले वाटंल, सीटवर कायम कोनीतरी बसून हाय. दिवा गुल! आजकाल सगळे असंच करतात. बायपास."

"आणि सीट खरंच रिकामी असेल तेव्हा?"

"तेव्हाही भरलेलीच वाटंल."

"आणि उद्या एखादं लहान लेकरू बसलं तर? लेकराच्या तोंडावर ती बॅग फुटायला नको असते."

"आता लेकराले मागं बसवा ना, भाभी."

"म्हणजे गाडी चोवीस तास खोटं बोलणार."

"गाडीले काय पाप लागते?"

गाडीला लागत नसेल, मला लागतं. चाकाजवळ दगड दडवून वजन वाढवणारे ड्रायव्हर मी रोज पकडते, आणि आता स्वतःच्याच गाडीत तसला दगड बसवून घेऊ? मी सांगितलं, बायपास नाही. पार्ट बदल, नागपूरहून नवीन मागव, पण दुरुस्त कर. हे मान खाली घालून मोबाईल बघत होते. माझा असा आवाज लागला की ते नेहमी मोबाईल बघतात.

नवी चटई आली. फिरोजभाईनं पूर्ण सीट सोलून ती बसवली, लॅपटॉप लावून रिकाम्या सीटचं सेटिंग केलं. पुन्हा तोच खेळ. तो बसला, विझला. हे बसले, विझला. मी बसले, तर पिवळा दिवा जसाच्या तसा. डिक्कीत सोयाबीनचं पोतं होतं. यांनी ते उचलून सीटवर ठेवलं, तर दिवा विझला. म्हणजे माणूस नसलं तरी चालतं, नुसतं वजन पुरतं. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी सीटवर बसले आणि म्हटलं, आता ते पोतं माझ्या मांडीवर ठेवा. दोघांनी मिळून ठेवलं.

दिवा लागलेलाच.

मी आणि पोतं, दोघांचं मिळून काहीच नाही. नुसतं पोतं होतं तेव्हा सीट भरलेली होती, मी त्याच्या खाली गेले तर पोतंही नाहीसं झालं. फिरोजभाईनं पोतं उतरवून घेतलं. त्यानं चिंधीला हात पुसले आणि हळूच विचारलं, "भाभी... टाकू का रेझिस्टर?"

"नाही," मी म्हटलं. पण त्या दिवशी घरी येताना मी मागच्या सीटवर बसले. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी जिनिंगवर कुणी नसताना मी आमच्याच काट्यावर जाऊन उभी राहिले आणि पोरीला, म्हणजे माझ्या जागी अधूनमधून बसणाऱ्या शीतलला, आकडा बघायला सांगितला. आला. बरोबर आला. शीतल हसायला लागली, "काय ताई, डायटिंग?" मला मात्र जरा धीर आला. नंतर विचार करताना लक्षात आलं की काट्याला फक्त ओझं मोजायचं असतं, ते कुणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. गाडीच्या सीटला मात्र ठरवायचं असतं की इथं कुणी आहे की नाही. हा विचार मी लगेच झटकून टाकला, कारण तो माझ्यासारख्या बाईला शोभणारा नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी आईला डोळे दाखवायला न्यायचं होतं. माझं माहेर आंजी मोठीचं. आई तिथं माझ्या धाकट्या भावाजवळ राहते. आम्ही तिला घेऊन निघालो. हे चालवत होते, मी बाजूला, आई मागं. गावाबाहेर पडता पडता आईनं विचारलं, "तो पिवळा दिवा कायचा वं?"

यांना संधीच पाहिजे होती. "आई, तुमच्या पोरीले गाडी मोजतच नाही. गाडीच्या हिशोबानं इथं कोनीच बसलं नाही! पार्ट बदलला, तरी नाही. आता कुंदा म्हणते कंपनीपर्यंत जाईन."

मला वाटलं आई हसेल. ती पुढे वाकली आणि माझ्या सीटची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरली. "मंग राहू द्या," ती म्हणाली. "दुरुस्त नोका करू. बिलकुल नोका करू."

तिचा आवाज असा होता की यांनी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे तुरीची शेतं, वर टळटळीत ऊन. आणि तिथं, बंद गाडीत, आईनं मला ते सांगितलं जे तिनं आजवर सांगितलं नव्हतं.

माझ्या आधीची माझी भावंडं जगली नव्हती, हे मला माहीत होतं. मी झाले तेव्हा बारशाच्याही आधी आईनं मला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. हा रिवाज तुमच्यातल्या काहींना माहीत असेल. ज्या घरात लेकरं जगत नाहीत तिथं नवं लेकरू टाकून द्यायचं, म्हणजे ते या घरचं उरत नाही, आणि न्यायला येणारा रिकाम्या हातानं परत जातो. शेजारच्या सोनाबाईनं मला उचललं. सोनाबाई गोंडाची, आमच्या मागच्या गल्लीतली, तिची सगळी लेकरं जगलेली, म्हणून तिला बोलावलं होतं. तिनं आईला ओंजळभर कोंडा दिला आणि मला विकत घेतलं. म्हणून घरात माझं नाव कोंडी. शाळेत गुरुजींनी त्याचं कुंदा केलं. नावाची एवढी गोष्ट मला ठाऊक होती. मला वाटायचं, संपली तिथंच.

"पाच वर्साची झाली का परत घ्याची असते," आई म्हणाली. "चार लोकाईच्या समोर म्हनाचं असते, हे माही पोरगी हाय, मी नेतो. मी नाई म्हटलं."

"का नाही?"

"तुले ताप आलता, तू उठली. बैल उधळलता, तुले खरोच नाई आली. मी म्हटलं, चालून राह्यलं ना बरोबर... मंग काऊन हात लावाचा?"

मला एकेक गोष्ट आठवायला लागली. गल्लीत कुणी विचारलं की आई म्हणायची, ही सोनाबाईची. मला वाटायचं चिडवतेय. माझ्या लग्नात कन्यादानाला सोनाबाई आणि तिचा नवरा बसले होते, मला सांगितलं, बाबांची तब्येत बरी नाही. मी सासरी निघाले तेव्हा सगळा गाव वेशीपर्यंत आला आणि आई घरात धान्य पाखडत बसली होती. तेव्हापासून माझ्या मनात तिच्याबद्दल एक अढी होती, आणि ती मी चांगली जपून ठेवली होती. आणि आता कळलं की तिनं जन्मभर मला ‘माझी’ म्हटलं नाही ते एवढ्यासाठी, की कुणीतरी ऐकेल म्हणून. आईनं माझा बायपास करून ठेवला होता.

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. मी म्हटलं, "मला परत घे."

"नाई."

"आई, माझ्या बाजूची बॅग बंद राहते. उद्या समोरून ट्रक आला तर?"

"त्या गाडीले तू दिसून नाई राह्यली, मंग न्यायले येते त्यालेही नाई दिसत. तो दिवा लागून हाय तवर मले झोप लागन."

आता या बाईशी काय बोलणार! तो दिवा मला धोक्याचा वाटत होता आणि तिला पहारेकऱ्यासारखा. मी म्हटलं, "ट्रकला सुपातलं काही कळत नाही, आई." ती खिडकीबाहेर बघत बसली. डोळे दाखवून झाले, चष्म्याचा नंबर बदलला, परत आंजीला सोडलं. उतरताना तिनं तो दिवा पुन्हा एकदा बघून घेतला.

मी या गोष्टी मानत नाही हे वर लिहिलंच आहे. पण माझा हट्ट आता सेन्सरसाठी नव्हताच. मला माझ्या आईच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, आणि ते ऐकल्याशिवाय मी राहणार नव्हते. पुढच्या सुटीला मी सरळ सोनाबाईकडे गेले. तिचं आता वय झालंय, कंबर वाकलीय, पण जीभ तशीच. अंगणात सुनेशी गोंडीत काहीतरी भांडत होती, मला बघून मराठीत भांडायला लागली. सगळं ऐकून म्हणाली, "तुह्या मायले मी सतरांदा म्हटलं, घेऊन जाय तुही पोट्टी. भेते ते. अन् उद्या मी मेली मंग? कोनापासून घेईन ते तुले?" आणि काठी घेऊन ती स्वतःच आमच्या घराकडे चालायला लागली.

हा प्रश्न आईला चुकवता आला नाही. सोनाबाई गेल्यावर परत घ्यायला कुणी उरणार नाही, मी कायमची अधांतरी राहीन, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती उठली. सूप घेतलं, त्यात ओंजळभर कोंडा घातला, आणि आम्ही सगळे परत सोनाबाईच्या अंगणात आलो. गल्लीतल्या बाया जमल्या. हे गाडी घेऊन आलेले होते, तेही उभे राहिले.

"एवढी मोठी बाई सुपात कशी बसवू वं?" सोनाबाई म्हणाली, आणि बाया हसल्या. तिनं माझा हात धरून मला समोर उभं केलं आणि मोठ्यानं विचारलं, "हे पोट्टी कोनाची?"

आईचे ओठ हलले. आवाज नाही.

"कोनाची हाय?"

आईनं सूप पोटाशी ओढलं, थोडा कोंडा खाली सांडला. सोनाबाईच्या सुनेला दया आली. ती म्हणाली, "राहू द्या ना, काकूच्या बदली मीच म्हनतो. कोंडा देल्ला म्हंजे झालं." बायाही म्हणाल्या, हो हो, चालते. हेसुद्धा मला डोळ्यांनी खुणावत होते की पुरे कर.

"नाही," मी म्हटलं. "आईच म्हणेल. मी उभी आहे."

ऊन चांगलंच चढलं होतं. मी जागची हलले नाही. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी आजवर न बघितलेली भीती होती. मला वाईट वाटत होतं, तरी हलले नाही. मग तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याजवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असं ओरडली, "माही हाय! माही पोरगी हाय, मी नेतो!"

नंतर आम्ही दोघी किती वेळ रडलो ते तुम्हाला सांगून काय करू.

निघताना मी पुढच्या सीटवर बसले. यांनी किल्ली फिरवली. सगळ्यांच्या माना खिडकीतून आत. दिवा पिवळाच. मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. यांनी नुसता गिअर टाकला, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. गाडी निघणार तेवढ्यात आई माझ्या खिडकीशी आली. मी निघताना ती कधीच दारापर्यंत येत नसे. तिनं पदरानं माझा घाम पुसला आणि म्हणाली, "नीट जाजो, बाई. पोचली का सांगजो."

ती ‘सांगजो’ म्हणाली आणि दिवा विझला. मी हलले नव्हते, यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. आईनंही बघितलं. तिनं खिडकीच्या कडेवर ठेवलेला हात काढला नाही, बराच वेळ.

त्यानंतर आजपर्यंत तो दिवा माझ्यासाठी एकदाही लागलेला नाही. फिरोजभाईचं म्हणणं, नवा फोम होता, दबायला वेळ लागला असेल. असेल. त्याला मी विचारलं, मग ते पोतं? तो म्हणाला, "भाभी, ते मी इसरून गेलो. तुम्हीही इसरा." कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलं, त्यांनी सांगितलं असं होऊच शकत नाही. मी कोणत्याही बाजूनं विचार केला तरी उत्तर येत नाही. आई आणि सोनाबाईला उत्तर माहीत आहे, पण ते मला पटत नाही. तुमच्यापैकी कुणी गाडीच्या इलेक्ट्रिकल कामातलं असेल आणि काही सुचलं तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचेन.

एक मात्र झालंय. जन्मात मला फोन न करणारी आई आता रोज करते. बरोबर पहिली गाडी काट्यावर चढते तेव्हा. "पोचली का?" पोचले म्हटलं की संपत नाही. रस्त्यात गर्दी होती का, पट्टा लावला होता का, दुपारी एकटी बाहेर नोको जाऊ, आता तू दिसते, जपून राह्यत जाय... तिचा आवाज भेदरलेला असतो. पूर्वी तिला झोप लागायची, आता लागत नाही म्हणते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, मागं रांग लागते. मी खिडकीतून हात करून त्याला थांबायला सांगते. आईचं बोलून होईपर्यंत पावती फाटत नाही.